धर्मशिक्षणाचा वर्ग नव्याने घेताय? एवढं सांभाळा

स्त्रीवादी ईश्वरविद्या, म्हणजे देव आणि बायबल बाईच्या नजरेतून वाचणं, शिकवायची म्हटल्यावर यादी मोठी दिसते, म्हणून घाबरू नका. फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज दोबोनने १९७४ साली मांडलेला इकोफेमिनिझम (बाईवरचं आणि निसर्गावरचं वर्चस्व जोडून पाहणारा विचार), अमेरिकी स्त्रीवादी ईश्वरविद्यातज्ज्ञ रोझमेरी रूथर वगैरे सगळं पुढच्या सत्रात घ्या.

आधी मूळ वचनं वाचा. उत्पत्ती १:२८ आणि २:१५ शेजारी ठेवा: एकीकडे पृथ्वीवर सत्ता, दुसरीकडे बागेची मशागत आणि राखण. मुलांना भांडू द्या, निकाल देऊ नका. मग यशया ६६:१३ मधली सांत्वन करणारी आई आणि लूक १५ मधली हरवलेलं नाणं शोधणारी बाई. देवाच्या या प्रतिमा बायबलमध्येच आहेत, त्यामुळे पालकांची तक्रार आलीच तर पान उघडून दाखवता येतं. (येतेच.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पहिल्याच दिवशी सगळ्या प्रार्थनांत ‘पित्या’च्या जागी ‘माते’ घालणं. वर्ग बिथरतो.
- ‘बाई म्हणजेच निसर्ग’ असं गोड बोलणं. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच यावर टीका केली: जमीन कुणाच्या नावावर आणि पाणी कोण आणतं, यावर बाईचं निसर्गाशी नातं ठरतं.
- फक्त युरोप-अमेरिकेची उदाहरणं देणं. ब्राझीलच्या सिस्टर इव्होन गेबारा गरीब वस्तीतल्या बायकांच्या रोजच्या जगण्यातून ईश्वरविद्या मांडतात. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई तर आपल्याच.

पहिल्या तासाला लूक १५ पुरे.