बांगलादेशचा किनारा: बांध उंच केला की भागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्र वाढतोय, तर बांगलादेशने किनाऱ्याचे बांध आणखी उंच केले की झालं, एवढं अवघड त्यात काय? आणि कोकणातल्या खारबंधिस्तीने, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या व्यवस्थेने, त्यातून काय घ्यावं?

नुसती उंची वाढवून भागत नाही, कारण तिथे अर्धा धोका बांधाच्या आत तयार होतो. 1960च्या दशकात खाऱ्या भरतीपासून भातशेती वाचवायला हे बांध घातले गेले. बांधाने वेढलेल्या अशा जमिनीच्या तुकड्याला पोल्डर म्हणतात; असे 139 पोल्डर आज तिथे आहेत. रोजच्या भरतीच्या हिशेबाने हे बांध बांधले होते, चक्रीवादळाच्या लाटेच्या नव्हे. सुरुवातीला पीक चांगलं आलं. पण गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून वर्षाला सुमारे 100 कोटी टन गाळ आणतात. पूर्वी भरतीबरोबर तो शेतात पसरायचा आणि खचत जाणारी जमीन भरून निघायची. बांधाने पाणी अडवलं तसा गाळही अडवला. तो नदीच्या पात्रात साचून पात्र वर आलं, आतली जमीन मात्र खचतच राहिली. पोल्डर 32 मधली जमीन शेजारच्या सुंदरबनापेक्षा 1 ते 1.5 मीटर खाली गेली आहे. अशा जागी ओहोटीलाही बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा वर राहतं, उघाडी (आतलं पाणी बाहेर सोडणारं बांधातलं झडपेचं दार) चालत नाही आणि पावसाचं पाणी महिनोनमहिने शेतात कोंडतं. जशोरजवळच्या भवदह भागाचं दुखणं हेच.

25 मे 2009 ला ‘आयला’ वादळात पोल्डर 32 ला खांडी पडल्या. कोळंबीच्या तळ्यांत खारं पाणी घ्यायला लोक बांधात पाइप घालतात. पाइपाच्या कडेने पाणी झिरपतं, माती धुपते आणि वरून धड दिसणारा बांध आतून पोकळ होतो. बांधाचा पायथा नदी कातरते, ते वेगळंच. खांडी जवळपास दोन वर्षं उघड्या राहिल्या. लोकांचे अतोनात हाल झाले, पण तेवढ्या काळात शेतात गाळाचा वीत-दोन वीत थर बसला. गाळाची ही ताकद गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. 1997 मध्ये बिल भायना इथे (‘बिल’ म्हणजे खोलगट पाणथळ जागा) त्यांनी स्वतःच बांध कापला होता.

त्या पद्धतीला आता भरती-नदी व्यवस्थापन म्हणतात. खोलगट बिल निवडायचं, भोवती तात्पुरता बांध घालायचा आणि नदीच्या बाजूला काप द्यायचा. दिवसातून दोनदा भरतीचं गढूळ पाणी आत येतं, संथ होतं, गाळ टाकतं. परतताना ते वेगाने जातं आणि नदीचं पात्र खरवडून खोल करतं. काही वर्षांनी काप बुजवायचा आणि पुढचं बिल घ्यायचं. फसतं ते तीन ठिकाणी. कापाजवळ गाळाचा ढीग होतो आणि लांबची शेतं खोलच राहतात, म्हणून कापाची जागा बदलावी लागते किंवा आत चर खणावे लागतात. पुढचं बिल वेळेत तयार नसेल तर एक-दोन हंगामांत नदी पुन्हा गाळाने भरते. तिसरं सगळ्यात मोठं: इतकी वर्षं शेत पाण्याखाली राहणाऱ्याला भरपाई वेळेवर मिळत नाही, मग तो पुढच्या वेळी विरोध करतो. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. भरपाई हातात पडल्याशिवाय काप देऊच नये.

भाताच्या वाणाबद्दल: ‘ब्री धान 47’ हे खार सोसणारं वाण रोप असताना 12 ते 14 डेसिसीमेन्स प्रति मीटर (खारटपणाचं माप) क्षारता सोसतं, पण नंतर फक्त 6. फेब्रुवारीनंतर खार वर चढतो, म्हणून लावणी लांबली की फटका बसतो. शिवाय त्याचे दाणे लवकर झडतात, कापणीला उशीर नको.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. चार माणसं, माणशी 5 लिटर, कोरडे 150 दिवस, म्हणजे 3,000 लिटर. 10 चौरस मीटर पत्र्यावर 400 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी 3,200 लिटर मिळतात. कमी पडते ती टाकी. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि टाकी उंच जोत्यावर ठेवायची, नाहीतर एका लाटेत सगळा साठा खारट.

माणसं वाचवण्यात मात्र या देशाने खरोखर मोठं काम केलंय. 1970 च्या वादळात किमान तीन लाख माणसं गेली, 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार, 2007 च्या ‘सिडर’मध्ये साडेतीन हजारांच्या आत. कर्णे घेऊन दारोदार फिरणारे स्वयंसेवक आणि चालत गाठता येणारे निवारे, हे त्याचं मोठं कारण. गुरांना उंचवटा आणि बायकांना वेगळं शौचालय नसेल तर लोक घर सोडत नाहीत, हेही तिथे अनुभवातून कळलं.

कोकणासाठी: बांध कापायची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. आपल्या खाड्यांत तेवढा गाळ येत नाही, नुसती जमीन खारट होईल. बांध उंच करायचा अर्ज करण्याआधी उधाणाच्या दिवशी ओहोटीला उघाडीवर उभे राहा. बाहेरचं पाणी उघाडीच्या उंबऱ्याच्या खाली किती तास राहतं ते लिहून ठेवा, पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी. तास कमी होत असतील तर आधी उघाडीबाहेरचा चर उपसा आणि झडपा बघा, मग मातीचं काम.