रिवायंडिंगच्या दुकानाची वेबसाईट आहे, पण फोन येईनात

प्रश्न : नमस्कार. लातूरला माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, सबमर्सिबल, मोनोब्लॉक सगळं भरून देतो. पोरगा म्हणला म्हणून दिवाळीत वेबसाईट करून घेतली, दिसायला लई भारी आहे पण तिच्यावरून एक बी फोन आला नाही. पैसे पाण्यात गेले का? लिंक पाठवलीय. – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही गेले भाऊ, दुरुस्त होण्यासारखं आहे. तुमची साईट मी मोबाईलवर उघडली. आधी कितीतरी वेळ पांढरी स्क्रीन, मग हेल्मेट घातलेल्या परदेशी माणसांचे फिरणारे फोटो, खाली इंग्रजीत वेलकम, आणि नंबर कुठं तर शेवटच्या पानावर, तोही फोटोत छापलेला, म्हणजे दाबला तरी फोन लागत नाही. आता तुमचं गिऱ्हाईक कोण ते बघा. औशाकडचा शेतकरी, हरभऱ्याला पाणी चालू असताना मोटार जळालीय, बोअरपाशी उभाय, रेंज धड नाही. त्याला तीनच गोष्टी पाहिजेत, माझी मोटार भरून मिळंल का, कधी मिळंल, नंबर काय. हे तिन्ही साईट उघडल्या उघडल्या मराठीत दिसलं पाहिजे, आणि नंबर दाबला की थेट फोन लागला पाहिजे. शेजारी व्हॉट्सॲपचं बटण द्या म्हणजे तो मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो लगेच टाकंल, एचपी किती ते विचारत बसायचं काम नाही.

फिरणारे फोटो काढूनच टाका. त्यांच्या जागी जळालेलं काळं वायंडिंग आणि तुम्ही भरलेलं नवं तांब्याचं वायंडिंग, दोन्ही शेजारी शेजारी, तुमच्याच टेबलावर काढलेले. मला विचाराल तर अख्ख्या साईटपेक्षा हा एक फोटो जास्त काम करतो, कारण तार कसली घातली हीच तर लोकांना शंका असते. फक्त मोबाईलचा फोटो ४-५ एमबीचा असतो तो तसाच चढवू नका, १००-२०० केबीपर्यंत बारीक करा, नाहीतर परत पांढरी स्क्रीन. ३, ५, साडेसात एचपीचा साधारण दर पण लिहा, "पासून" असं लिहिलं तरी चालतंय.

गावांची नावं लिहा, पण जिथनं खरंच काम येतं तेवढीच, औसा, रेणापूर, निलंगा वगैरे. धाराशिवकडचं काम घेत असाल तर उस्मानाबाद पण लिहा, नाव बदललं तरी बरेच जण अजून जुन्याच नावानं शोधायलेत.

आणि साईटच्या आधी गुगल मॅपवर दुकान टाकायला पाहिजे होतं, ते फुकट आहे. पडताळणीला बऱ्याचदा दुकानाचा, बोर्डाचा व्हिडिओ काढायला लावतात, तो काढून द्या. मोटार घेऊन जाणाऱ्याला तिथंच रिव्ह्यू लिहायला सांगा, मात्र त्याबदल्यात पैशात सूट देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

एक मात्र आजच विचारा, डोमेन, म्हणजे साईटचं नाव, कुणाच्या नावावर आहे? करून देणाऱ्याच्या असंल तर तुमच्या नावावर करून घ्या, लॉगिन पण घ्या. मुदत संपायच्या आत पैसे भरा, नाहीतर काही दिवसांनी नाव हातचं जातं, दुसरा कुणीही घेऊ शकतो.

स्टार्टर, पॅनल दुरुस्त करता की नाही तेही लिहा, साईटवर कुठंच कळत नाही.