‘ताई, फोटो फुकट देऊ का?’

मागच्या अंकात कॉलेजच्या खो-खो फायनलचे माझे फोटो आले, सोबत मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेल आले की संपादक म्हणाले या वेळचं प्रश्नोत्तराचं पान तूच घे. मी गेली चौदा वर्षं पुण्यात कॉलेजच्या टीम्सचे फोटो काढतेय, कुठल्या पेपरात नोकरीला नाही, जो बोलावेल त्याच्या मैदानावर जाते. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून चार पत्रं घेतलीयेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी एस.वाय.ला आहे, कोथरूडला राहतो. आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमचे फोटो काढतो, हॉलमध्ये मॅटवर मॅच असते. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरवाला, आणि लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली किटची १८-५५. निम्मे फोटो हललेले येतात, उरलेल्यांत एक पिवळा तर पुढचा काळपट. ७०-२०० च्या लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी पैसे साठवतोय, तोपर्यंत काय करू?

उत्तर : अरे, ७०-२०० चा विचार सध्या बाजूला ठेव. लेन्स छानच आहे, हॉकी-फुटबॉलला तिच्यावाचून अडतं, पण तुझं दुखणं वेगळं आहे. किट लेन्स ५५ वर नेलीस की ती एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), मग हॉलच्या उजेडात शटर १/१२५ सेकंद वगैरेवर येतं आणि चढाईवाला हललेलाच दिसणार. ५० एमएम १.८ घे, साधी, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. ५.६ वरून १.८ वर आलास की साडेनऊपट जास्त प्रकाश आत येतो, म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) शटर १/१००० पर्यंत नेता येतं. क्रॉप सेन्सरवर ही ५० ची लेन्स ७५-८० सारखी दिसते आणि पुरुषांचं कबड्डीचं मैदान असतंच १३ बाय १० मीटर, रेषेजवळ बसलास तर याहून लांबची लागत नाही. आयएसओ ३२००, ६४०० करायला घाबरू नको, दाणे दिसले तरी चालतात, हललेला चेहरा नंतर कशानेच सरळ होत नाही.

पिवळे-काळपट फोटो येतात त्यात तुझी चूक नाहीये, ते दिव्यांचं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्याला कळत नाही, पण १/८०० चं शटर त्यातला एक बारका तुकडाच पकडतं, कधी उजळ तर कधी मंद. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर ऑन कर, बर्स्ट, म्हणजे सलग फोटो काढायचा वेग, थोडा मंदावतो पण फोटो एकसारखे येतात. मिररलेस असेल तर एलईडीच्या हॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नको, फोटोवर पट्टे येतात. ब्रेकमध्ये बेंचवरच्या पोरांचे, सरांचे फोटो काढताना शटर १/१०० वर आण, तिथे रंग जागेवर येतात. आणि फ्लॅश अजिबात नको, समोरच्याच्या डोळ्यावर पडला तर पंच तुला उठवतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

पण तू बसतोस कुठे हे पत्रात लिहिलंच नाहीयेस. बहुतेक मुलं गुणलेखकाच्या टेबलाशेजारी मध्यरेषेपाशी बसतात कारण तिथे खुर्ची मिळते, आणि तिथून चढाईवाला कायम एका बाजूनेच दिसतो. तू पंचांना विचारून बचाव करणाऱ्या टीमच्या मागच्या रेषेच्या कोपऱ्यात, लॉबीच्या (बाजूच्या पट्ट्याच्या) बाहेर, खाली जमिनीवर बस. मग चढाईवाला तुझ्याकडे तोंड करून येतो आणि कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो ते अगदी तुझ्या समोर घडतं. खाली बसलं की मागचे फ्लेक्सही बऱ्यापैकी फ्रेमच्या बाहेर जातात. चढाई ३० सेकंदांची असते, त्यातला बराच वेळ नुसती हूल चालते, तेव्हा बटण दाबत बसू नको. ‘डू ऑर डाय’चा नियम लावलेला असेल आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील तर तिसरीत काहीतरी होणारच, तेव्हा तयार रहा. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र मध्यरेषेच्या टोकाला जा, रेषेकडे ताणलेला हात आणि मागून लटकलेले चार जण एका फ्रेममध्ये तिथूनच मिळतात.

हे सगळं कळायला प्रॅक्टिसला जा, कॅमेरा बॅगेतच ठेवून चार दिवस नुसतं बघ. डावा कोपरा कोण खेळतो, तो पायात जातो की मांडी धरतो, कोण बोनसवर डोळा ठेवून असतो, हे तुला त्यांच्या कोचइतकं माहिती पाहिजे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही हडपसरला राहतो, माझी मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. मुलींच्या खो-खो, कबड्डीचे फोटो काढायला सणस मैदान, बालेवाडी, कुठेही जाते, घरी यायला रात्र होते. आता म्हणते हेच करणार. यात घर चालतं का हो? आणि बाईमाणसाने एवढ्या गर्दीत एकटीने फिरायचं म्हणजे जीवाला घोर.

उत्तर : ताई, नुसत्या कॉलेजच्या खेळांवर वर्षभर घर चालत नाही. हे काम पावसाळा सरता सरता सुरू होतं, आधी पुणे शहर विभागाच्या मॅचेस, मग पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिकबरोबर आंतरविभागीय, मग विद्यापीठाची टीम पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, आणि त्यानंतर परीक्षा आल्या की मैदानं ओस. उरलेल्या महिन्यांत मी लग्नं करते, अकादम्यांची उन्हाळी शिबिरं, कंपन्यांच्या क्रिकेट लीग, जे येईल ते. माझं बस्तान बसायला चार वर्षं लागली, तोपर्यंत मी सकाळी एका ऑफिसात अर्धवेळ अकाउंट्स बघायचे. तुमच्या मुलीला डिग्री पूर्ण करू द्या, बी.कॉम. या धंद्यात फार उपयोगी पडतं, कारण फोटो चांगले काढणारे पुष्कळ आहेत पण वेळेवर बिल करून त्याचा पाठपुरावा करणारे कमी.

गर्दीचं म्हणाल तर तुमची काळजी मला समजते, माझी आईही गॅलरीत उभी असायची. मी अजूनही एक नियम पाळते, परतीचं ठरल्याशिवाय निघायचं नाही, टीमच्या गाडीत जागा आहे का ते आधीच सरांना विचारून ठेवते किंवा दोघी-तिघी मिळून येतो. कॅमेऱ्याचा इन्शुरन्स काढा, रात्रीच्या प्रवासात तेवढी तरी धाकधूक कमी होते.

पण तुम्हाला एक बाजू सांगायची राहिली तर मला बरं वाटणार नाही. मुलींच्या मॅचला मुलगी कॅमेरा घेऊन बसली की खेळाडू मोकळ्या खेळतात. कबड्डीत पकड झाली की कपडे सरकतात, खो-खोत सूर मारताना शरीर कसंही पडतं, आणि असे फोटो पुढे कुठे फिरतील सांगता येत नाही, म्हणून ते त्याच रात्री कायमचे डिलीट करायचे असतात, कितीही भारी ॲक्शन असली तरी. हे शिकवावं लागतं, तुमच्या मुलीला मनातूनच कळत असणार. ज्युनिअर कॉलेजच्या मुली असतील तर १८ च्या आतल्यांचे फोटो टाकण्याआधी आई-वडिलांची लेखी परवानगी घ्यायला सांगा तिला. आणि बघा, १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवून पहिला खो-खो वर्ल्ड कप जिंकला, कॅप्टन आपल्या इकडचीच प्रियांका इंगळे, त्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग होती. पण उद्याची कॅप्टन आज कुठल्यातरी कॉलेजच्या मैदानावर खांबाजवळ सूर मारत असेल, तिथे समोर बहुतेक कोणीच नसतं. तुमची मुलगी तिथे आहे. मला तिचं फार कौतुक वाटतं.

प्रश्न : ताई, मी गेल्या वर्षी पासआउट झालो, पिंपरीत राहतो. नेहरूनगरला ध्यानचंद स्टेडियमवर हॉकीचे फोटो हौसेने काढून टीमला दिले होते. त्यातला एक आता कॉलेजच्या ॲडमिशनच्या फ्लेक्सवर झळकतोय, मला विचारलंसुद्धा नाही. वर दुसरं एक कॉलेज म्हणतंय आमची टूर्नामेंट कव्हर कर, पैसे नाहीत पण तुझं नाव होईल. फुकट देऊ का?

उत्तर : नको देऊस. खेळाडूने त्याचा फोटो मागितला तर आनंदाने दे, मी आजही देते, पण संस्थेला बिल द्यायचं.

फ्लेक्सचं आधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता धरलाय, आणि तू पैसे न घेता स्वतःहून काढलास म्हणजे हक्क तुझाच. मात्र कलम १७ नीट समजून घे, कोणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळं काही लिहून ठेवलं नाही तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून पैसे घेताना दोन ओळींचा का होईना कागद करायचाच : हक्क माझ्याकडे, कॉलेजला सोशल मीडिया, वार्षिक अंक आणि नोटीस बोर्डसाठी वापरायची परवानगी, जाहिरातीसाठी वेगळे पैसे. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे हक्क दिला असं होत नाही, हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. तुझ्या कॉलेजला भांडणाचं पत्र लिहू नकोस, साधं पत्र लिही, फोटो माझा आहे, खाली नाव टाका आणि जाहिरातीत वापरल्याचे अमुक पैसे द्या. बऱ्याचदा ऑफिसात कोणाला हे माहितीच नसतं.

आता किती मागायचे. मी आकडा सांगणार नाही, हिशोब सांगते. मैदानावरचे चार तास धर, घरी निवडायला आणि एडिटला तेवढेच, जाण्या-येण्याचं पेट्रोल, आणि कॅमेऱ्याची झीज. ही झीज कोणी धरत नाही. बऱ्याच मधल्या किमतीच्या डीएसएलआरचं शटर १ ते २ लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, टूर्नामेंटच्या एका दिवसात २००० क्लिक सहज होतात, म्हणजे असे ६० दिवस केलेस की १ लाख २० हजार झाले. नाव होईल म्हणणाऱ्यांना हा हिशोब कागदावर दाखव.

एका कॉलेजने माझं बिल सात महिने अडकवलं होतं, दर आठवड्याला अकाउंट्सच्या खिडकीशी उभी राहायचे, फार वाईट दिवस होते ते. तेव्हापासून निम्मे आगाऊ घेते. तू उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून टाक, ऑनलाइन आणि फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. बिलाच्या खाली ही एक ओळ टाकायला लागल्यापासून मला बराच फरक जाणवलाय.

प्रश्न : मी शहरातल्या एका कॉलेजमध्ये शारीरिक शिक्षण संचालक आहे. तुमची तळमळ पोचली, पण जिमखान्याचं बजेट किट, एन्ट्री फी आणि प्रवासभत्त्यातच संपतं. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागणारे जिओटॅग फोटो मोबाइलवर निघतात. मग वेगळा फोटोग्राफर कशासाठी?

उत्तर : सर, तुमची ओढाताण मी जवळून बघितलीय, खिशातले पैसे घालून पोरांना केळी आणि ग्लुकोज आणणारे सर मला माहिती आहेत. म्हणून पूर्ण सीझनसाठी माणूस ठेवा असं मी म्हणणारच नाही. वर्षातले तीन दिवस पुरेत, एक टीम फोटोचा, एक घरच्या मैदानावरच्या मॅचचा आणि एक फायनलचा. नॅकच्या फोटोत अक्षांश-रेखांश येतात, बॅनर येतो, पाहुणे येतात, खेळाडू कुठेतरी मागे असतो, फाइलचं काम होतं. पण मुलाला घरी नेऊन दाखवता येईल असा त्यात एकही नसतो.

तीनेक वर्षं राखीव राहिलेला एक मुलगा होता, फुटबॉलचा, एकदाही पहिल्या अकरांत आला नाही. एका मॅचला तो बेंचवर उभा राहून ओरडत होता तेव्हा मी त्याचा एक फोटो काढला होता, त्याला तेव्हा दिलाही. सहा-सात वर्षांनी त्याचा फोन आला, मोबाइल हरवला, ताई तो फोटो आहे का अजून, कॉलेजच्या जर्सीतला माझा तेवढा एकच आहे. होता माझ्याकडे, कारण मी दर वर्षाचं फोल्डर दोन हार्ड डिस्कवर ठेवते. तुमच्या कॉलेजकडे असायला हवा होता तो, सर. खो-खोचे नियम १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्याने बसवले हे आपण सगळ्यांना सांगतो, पण तेव्हा धावणाऱ्या मुलांचे चेहरे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलेत?

पैसे कमी असतील तर तसं सांगा, आम्ही दिवस कमी करू. फोटोग्राफरला मैदानात कुठे बसता येईल ते पंचांशी आधी बोलून ठेवा, दुपारचं जेवण टीमबरोबर द्या. आलेले फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून देऊ नका, तिथे ते बारीक होतात आणि मोबाइल बदलला की जातात, ऑफिसच्या एका ड्राइव्हवर वर्ष आणि खेळ लिहून मूळ साइजमध्ये ठेवा. आणि चेस्ट नंबरप्रमाणे सगळ्या खेळाडूंची पूर्ण नावं लिहून द्या, राखीव पोरांचीसुद्धा, आदल्या दिवशीच, मॅच सुरू झाली की कोणालाच सवड नसते.