बिम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल बनवायची पद्धत) शिकतोयस ना, मग आधी हे बघ
अरे रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरची बटणं महिन्याभरात येतील, खरी गोची होते ती स्ट्रक्चरवाल्याचं आणि एमईपीवाल्याचं (एसी, वीज, प्लंबिंग) मॉडेल एकत्र आणताना, म्हणून पहिल्याच दिवशी शेअर्ड कोऑर्डिनेट्स, म्हणजे सगळ्या मॉडेलांची जागा ठरवणारे सामायिक निर्देशांक, जुळवून घे, नाहीतर लिंक केलेलं मॉडेल भलतीकडेच जाऊन बसतं, माझे एकदा चार दिवस यातच गेले. सेंट्रल फाइल, म्हणजे सगळ्या टीमची सामायिक मूळ फाइल, थेट उघडायची नाही, आपल्या लोकल कॉपीवर काम आणि मधेमधे तिच्याशी सिंक. समोरचा आर्किकॅड या दुसऱ्या बिम सॉफ्टवेअरवर असेल तर आयएफसी माग, म्हणजे वेगवेगळ्या बिम सॉफ्टवेअरमध्ये चालणारी फाइल. मॉडेलं एकत्र तपासायच्या नेव्हिसवर्क्समध्ये हजारो क्लॅश, म्हणजे एकमेकांत घुसलेले भाग, दिसतील, घाबरू नकोस, आधी बीममधून जाणारे हवेचे डक्ट बघ, बारीक पाइप नंतर. नागपूर मेट्रोने ५डी बिम वापरलंय, म्हणजे मॉडेललाच वेळ न् खर्च जोडलेला, त्याबद्दल जरूर वाच. एआयची प्लगिनं सावकाश बघू, आधी आयएसओ १९६५० या बिमची माहिती सांभाळायच्या मानकातले वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड हे टप्पे नीट समजून घे, अर्धवट ड्रॉइंग साइटवर जाणं त्यानेच थांबतं.