कमानीखाली टिंबं दिली असतील तर पियानोवर सूर जोडायचे की तोडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रेड परीक्षेच्या तुकड्यात चार सारख्या स्वरांवर स्लरची कमान आहे आणि तिच्याच आत प्रत्येक स्वराला स्टॅकॅटोचं टिंब. कमान म्हणते जोडा, टिंब म्हणतं तोडा. ऐकलेल्या रेकॉर्डिंगांत एक वादक जोडून वाजवतो, दुसरा तोडून. मग खरं काय?

दोघंही बरोबर असू शकतात. या खुणेला पोर्टाटो म्हणतात, काही जण मेझो-स्टॅकॅटो म्हणतात. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा छापखान्याची चूक समजून कमान सोडून दिली आणि चारही स्वर टकाटका वाजवले. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते जास्त लागलं.

मी कोल्हापूरचा, आधी पेटी शिकलो आणि बऱ्याच उशिरा पियानोकडे वळलो. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटीवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे माझ्याकडे घरी शिकायला येणारी निम्मी पोरं पेटीवरूनच येतात. त्यांना पोर्टाटो समजावताना मी नोटेशन बाजूला ठेवतो आणि गायला लावतो. एका सुरावर आधी आकार: आऽऽऽ. मग त्याच सुरावर ‘ट, ट, ट, ट’. आणि शेवटी एकाच श्वासात ‘ना ना ना ना’. आकारात सूर कुठंच अडत नाही, म्हणजे लेगाटो. ‘ट’ला जीभ वाटच बंद करते, म्हणजे स्टॅकॅटो. ‘ना’ म्हणताना जीभ टाळूला लागते, पण आवाज नाकातून गुणगुणत राहतो. प्रत्येक सूर वेगळा कळतो आणि श्वास मात्र एकच. तो श्वास म्हणजे कमान, जिभेचा स्पर्श म्हणजे टिंब. गेल्या पावसाळ्यात एक अकरा वर्षांची मुलगी दोन आठवडे या चार स्वरांवर अडली होती. ‘ना ना’ करत वाजवायला लागली आणि पाच मिनिटांत जमलं. भावा, मीच चाट पडलो.

आता हे बोटांत कसं आणायचं? पियानोची पट्टी दाबली की दोन गोष्टी होतात. हातोडी तारेवर आपटून मागे येते, आणि तारेवर बसलेला डॅम्पर, म्हणजे फेल्टची गादी, वर उचलला जातो. एकदा हातोडी आपटली की तुम्ही पट्टीवर कितीही जोर काढा, त्या सुराला काही फरक पडत नाही. तुमच्या हातात उरतं ते एवढंच की पट्टी कधी आणि किती हळू सोडायची, म्हणजे डॅम्पर परत तारेवर कधी बसू द्यायचा. लेगाटो आणि स्टॅकॅटोच्या मधलं सगळं राज्य या सोडण्यात आहे, आणि आपण सगळे शिकतो ते फक्त दाबायला.

खराखुरा पियानो हाताशी असेल तर हे करून बघा. मधल्या सप्तकातला एक सूर वाजवा, धरून ठेवा आणि पट्टी अगदी मुंगीच्या पावलांनी वर येऊ द्या. साधारण अर्ध्या वाटेवर सूर एकदम तुटणार नाही, आधी धूसर होईल आणि मग विझेल. पोर्टाटोचा शेवट तिथं असतो. बोट झटकून उचलायचं नाही, मनगट जरासं वर जाऊ द्यायचं, बोट त्याच्यामागून येतं. स्वस्त कीबोर्डवर ही धूसर जागाच नसते, सूर एकतर चालू नाहीतर बंद, त्यामुळे तिथं जमत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका.

पुस्तकी हिशोब असा सांगतात: स्वराच्या लिहिलेल्या लांबीपैकी स्टॅकॅटोत अर्धा भाग धरा, पोर्टाटोत पाऊण, टिंबाऐवजी पाचर असेल तर पाव. सुरुवातीला ठीक आहे. पण मिनिटाला ६० मात्रा असतील तर एका मात्रेच्या पोर्टाटो स्वरात उरलेला पाव भाग म्हणजे पाव सेकंदाची शांतता होते, आणि ऐकणाऱ्याला ती उचकी वाटते. १२० च्या लयीत तीच फट निम्मी होते आणि छान वाटते. म्हणून लय संथ असेल तर पाऊणपेक्षा जास्त धरा, फट लहानच ठेवा. खोलीचाही हिशोब धरा. फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये फट आपोआप भरून निघते, पडदे-गाद्यांनी भरलेल्या खोलीत ती उघडी पडते.

तुमचे चारही स्वर एकच आहेत, तिथं आणखी एक गोम आहे. तोच सूर पुन्हा वाजवायचा तर पट्टी सोडावीच लागते, त्यामुळे पेडलशिवाय तिथं शंभर टक्के लेगाटो होतच नाही. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताच पुन्हा वाजते. ही करामत पियानो बनवणाऱ्या एरार यांनी १८२१ साली पेटंट केली. घरच्या उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ वरपर्यंत यावी लागते, म्हणून तिथं फट जरा मोठी पडणारच.

जोडून वाजवणाऱ्या तुमच्या त्या वादकाचं काय? बहुतेक त्याचा पाय पेडलवर असेल. उजवं पेडल दाबलं की सगळे डॅम्पर वर, बोट उचललं तरी सूर चालू. अशा वेळी टिंब सूर तोडायला सांगत नाही. प्रत्येक सुराला हाताचं थोडं वेगळं वजन द्या, एवढंच सांगतं. रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातल्या संगीतात हे सर्रास दिसतं. तुमच्या तुकड्यात पेडलची खूण आहे का ते आधी बघा, निम्मं उत्तर तिथं मिळेल.

त्याआधीच्या, अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखच्या तुकड्यांत मात्र अशा खुणा जवळपास नसतातच. कोरी जागा म्हणजे लेगाटो, ही समजूत नंतरची. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल १७५३ साली लिहितो की कसलीच खूण नसलेले मध्यम गतीचे स्वर निम्मेच धरावेत. आजच्या कानाला ते फारच तुटक वाटेल, पण त्या काळात न जोडलेला सूर हीच रोजची चाल होती. मी बाखमध्ये लांब स्वर थोडे सुटे आणि जलद स्वर जोडलेले ठेवतो, हे बहुतेक शिक्षकांना चालतं.

दोन नावांत गल्लत नको. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पोर्टाटोलाच पोर्टामेंटो छापलेलं सापडतं. गाण्यातला पोर्टामेंटो म्हणजे घसरत जाणं, आपल्या मींडेच्या जवळचं, आणि ते पियानोवर होतच नाही. स्वरावर नुसती आडवी रेघ असेल तर तो टेनुटो: पूर्ण धरा, थोडं वजन द्या. रेघ आणि टिंब दोन्ही असतील तर पोर्टाटोच समजा, जरा भारदस्त.

गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ पेठेत, एकदा आत्याचा साज गाठवून घेताना मी पटवेकऱ्याशेजारी तासभर बसलो होतो. ठुशीचे मणी एकमेकांना इतके खेटून, की मधला दोरा दिसतच नाही. साजात प्रत्येक पान सुटं लोंबतं, मध्ये मणी, पण पटवेकरी दर पानानंतर दोरा ओढून बघत होता, ढिला पडलाय का म्हणून. तुमचे चार स्वर तसेच बघा. फट किती पडली हे मोजत बसू नका, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दोरा ताणलेला राहतोय का ते ऐका. आज चारच स्वर, पेडलशिवाय, अगदी संथ, तोंडानं ‘ना ना’ म्हणत. रेकॉर्ड करून इथं टाकलंत तर ऐकून सांगतो.