सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग धडधड का होते?

मागच्या उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे ३६ वर्षांचे गृहस्थ हाच प्रश्न घेऊन पत्नीसह माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आदल्या दिवाळीत त्यांचा चुलतभाऊ वयाच्या ४१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला, आणि २०२१च्या कोरोना लाटेत घेतलेले पल्स ऑक्सिमीटर तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात मुक्कामाला आले. "रात्री तीनलाबी उठून बोटाला मशीन लावून बसतेत, मॅडम," पत्नी म्हणाली. त्यांनी पुढे केलेल्या वहीत उधारीच्या खात्यासारखे रकाने आखून तारीख, वेळ आणि ठोके लिहिले होते. एकाच दिवसाच्या ४३ नोंदी मी मोजल्या.

छत्रपती संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, टू-डी इको आणि ट्रेडमिल चाचणी केली होती, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासले होते. कशातच काही सापडले नव्हते. हे झाले नसते, तर मी त्यांना आधी तिकडेच पाठवले असते, कारण रक्त कमी असले किंवा थायरॉइड वाढले तरी धडधड होते आणि तिथे समुपदेशनाचा काही उपयोग नसतो.

मी मशीन टेबलावर ठेवायला लावले आणि मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे टेकवून नाडी पाहायला शिकवले. अंगठ्याने पाहू नये, त्याची स्वतःचीच नाडी बोटाला लागते. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होतात, हे त्यांना स्वतःच्या हातावर कळले, तेव्हा ते दचकले. हा बिघाड नसून निरोगी हृदयाची रीत आहे, हे सांगावे लागले. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतात. ते मात्र सकाळी ७२ आणि दुपारी ८८ दिसले की घाबरत होते. मध्येच 'ठोका चुकतो' म्हणतात, तेव्हा बहुधा एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. धडधाकट माणसांतही हे सर्रास घडते.

नंतर मी मशीन त्यांच्या बोटाला लावून पडदा पत्नीकडे वळवला आणि चुलतभावाच्या त्या रात्रीबद्दल विचारले. जीप मिळायला झालेला उशीर सांगता सांगता त्यांचा आवाज बसला. खुर्चीवरून न हलता आकडा ७८वरून १०६वर गेला होता. भीतीने ठोके वाढतात, वाढलेले ठोके पाहून भीती वाढते, आणि दिवसातून ४३ वेळा हा रहाट ते स्वतःच फिरवत होते.

मला खटकले ते वेगळेच. ज्या खिशात मशीन होते, त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. तंबाखूतील निकोटिन ठोके वाढवते, शिवाय रक्तवाहिन्यांचेही नुकसान करते. नाडीच्या आकड्यावरून रक्तवाहिनीतला अडथळा कळत नाही. त्याचा धोका जोखायला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहावे लागते. या माणसाने इतके महिने नाडी मोजली होती आणि रक्तदाब एकदाही नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो पाहिला तर १४६/९४ निघाला, दोन आठवड्यांनी पुन्हा जवळपास तेवढाच, आणि तेथील डॉक्टरांनी औषध सुरू केले.

आमचे ठरले ते असे: नाडी सकाळी एकदाच पाहायची आणि वही पत्नीकडे ठेवायची. मात्र छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर ना मशीन ना वही, थेट १०८ला फोन करायचा.

चौथ्या भेटीत तंबाखू दिवसाला आठ वेळांवरून तीनवर आली होती. मशीन आता दुकानाच्या गल्ल्यात असते, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. पत्नी हसली. "गल्ल्यातच हाय," ती म्हणाली, "पण गल्ला लई वेळा उघडतेत."