पातालकोटला हॅचबॅक नेऊ का?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र डिसेंबरमध्ये इंदूरहून पातालकोटला, म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातल्या त्या खोल दरीत, ट्रेकला जायचं म्हणतोय. गाडी साधी हॅचबॅक आहे, शहरातली. एक मित्र म्हणतो जंगलातला रस्ता आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) भाड्यानं घेतल्याशिवाय जाऊच नका, घरचे म्हणतात जाऊच नका. काय करावं?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: जा, आणि स्वतःचीच गाडी न्या. कधी न चालवलेली मोठी गाडी भाड्यानं घेऊन पहिल्यांदाच घाटात घालण्यापेक्षा हातातली ओळखीची गाडी बरी, फक्त ती कुठपर्यंत न्यायची हे घरूनच ठरवून निघा.

इंदूर ते तामिया, म्हणजे पातालकोटजवळचं वरचं गाव, हे अंतर भोपाळ, नर्मदापुरम, पिपरिया करत चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मटकुलीला पचमढीचा रस्ता सोडून तामियाचा धरायचा, तिथपर्यंत डांबरीच आहे, गाडीची काळजी नको. मात्र एका दिवसात इंदूर ते दरी करू नका हो. पहाटे पोहे खाऊन निघालात तरी तामियाला पोचेपर्यंत दुपार टळते, आणि डिसेंबरात तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत तर उभ्या कड्यांमुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. मुक्काम पिपरियाला नाहीतर तामियाला करा, सकाळी ताजे होऊन पुढे निघा.

आता दरीतल्या खालच्या काही गावांपर्यंत रस्ता झालाय, पण उतार, वळणं आणि सुटे दगड आहेतच. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, असेल 165-170 मिलिमीटर, आणि चौघं जण बसून डिकीत सामान भरलं की मागची बाजू अजून खाली बसते, हे लोक विसरतात. खराब तुकडा आला की ड्रायव्हर सोडून तिघांनी उतरून चालायचं, ट्रेकलाच आलोय ना. आणि मधला उंच दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका, सरळ चाक त्याच्यावर हळू चढवा, खालून घासत नाही.

हे मी अनुभवावरून लिहितेय. काही वर्षांपूर्वी अशाच एका जंगलरस्त्यावर संध्याकाळी उशीर झाला म्हणून मी घाई केली, खालून ठक्क आवाज आला, थांबून बघितलं नाही, दोनेक किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं होतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर. दिवा दिसताच इंजिन बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, पण रात्र तिथंच काढली, नेटवर्क शून्य, थंडीत सोबतची मुलं कुडकुडत होती, ते अजून आठवलं की जिवाला लागतं. तेव्हापासून माझा नियम आहे, आवाज आला की उतरून खाली बघायचं, आणि दुपारी दोननंतर नवीन कच्च्या रस्त्यावर गाडी घालायचीच नाही. दोन वाजता जिथं असू तिथून परत.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी रोखू द्या, नाहीतर ब्रेक तापून धरेनासे होतात. चढताना हाफ क्लचवर ताटकळत राहिलात तर क्लच जळतो, वास येतोच. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे. स्टेपनीची हवा घरीच तपासा, आणि जॅकखाली ठेवायला एक लाकडी फळी घ्या, मऊ मातीत जॅक खाली रुततो. पंक्चर किट असलं तरी टायर बाजूनं फाटला तर ते काही कामाचं नाही, म्हणून स्टेपनी पक्की हवीच.

गाडी उभी करताना वाळक्या पाल्यावर अजिबात नको, तापलेल्या सायलेन्सरनं पाला पेटू शकतो. त्यापेक्षा गावातच कुणाला तरी विचारून अंगणाशेजारी लावा. खाली भारिया आणि गोंड लोक राहतात, त्यांच्या पायवाटा त्यांनाच माहीत, म्हणून वाटाड्या गावातलाच घ्या आणि पैसे आधीच मोकळेपणानं ठरवा. जडीबुटी मात्र उपटून आणू नका, 2019 मध्ये पातालकोट जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालंय.

प्रश्न: हिरवळ पाहायची म्हणून हाच प्रवास जुलैत केला तर?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: जुलैत गाडी वरच ठेवा, व्ह्यूपॉइंटवरून ढग बघा, परत या. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस पडला की नाला तासाभरात भरतो. वाहत्या पाण्यात आधी चालून बघितल्याशिवाय गाडी घालू नये हे खरं, पण पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर चालूनही बघू नका. नाल्याच्या अलीकडेच थांबा, पाणी ओसरेपर्यंत. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात शेव-परमल (शेव-चुरमुरे) असू द्या, कधी दोन तास लागतात, कधी रात्र.